चंद्राच्या पुड्या

केजमध्ये माझं स्वतःचं मेडिकल होतं. डोक्यावर साहेब नाही, रजेचा अर्ज नाही, दुकानात मी म्हणेन ती पूर्व दिशा. याचा मला लई माज होता.

दुष्काळात ऊस जळाला, जवळचा सहकारी साखर कारखाना बंद पडला आणि ऊसतोडीला जाणारी माणसं पार कर्नाटकात जाऊ लागली. निघण्याआधी ती पूर्ण हंगामाची औषधं माझ्याकडून बांधून नेत. ज्यांना वाचता येत नसे, त्यांच्या पुड्यांवर मी चित्रं काढायचो. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र. त्या वर्षी एक जोडपं आलं. नवऱ्याला फिट यायची. त्याच्या पुड्यांवरचे चंद्र मी हौसेनं काढले.

उन्हाळ्यात बाई एकटीच आली, मोकळ्या कपाळानं. तिनं पिशवी काउंटरवर ठेवली. सूर्याच्या पुड्या संपल्या होत्या. चंद्राच्या तशाच होत्या, दोरासुद्धा सुटला नव्हता.

"भाऊ, ट्रक रातच्यालाच भरावा लागायचा. या गोळीनं झोप येती म्हून ते घेतच नव्हते. मोळी घेऊन फळी चढताना फिट आली." मग पिशवी पुढं सरकवत म्हणाली, "वापस घ्या. दुसऱ्या कुणाला तरी व्हतील."

अशी परत आलेली औषधं कुणाला देता येत नाहीत. कुठं नोकरीला असतो तर "मालकाला विचारा" म्हणून आत निघून गेलो असतो.

ती समोर उभी होती, आणि मालक मीच होतो.