तेलाचा डबा माझ्या हातात होता

मी चौथी शिकलेला माणूस. डोळ्यांनी बघितलं आणि हातात धरून पाहिलं तेवढंच मानतो. आमच्या सुरतेच्या लिंबायतमध्ये कुणाच्या अंगात आलं की मी उठून बाहेर बिडी ओढायला जायचो, अजूनही जातो. देवीला मानतो, ते वेगळं. तेव्हा कुणी मला अंगारे-धुपाऱ्यातला समजू नये. जे झालं ते भर दिवसा झालं. मी प्यायलेला नव्हतो, तापात नव्हतो. पन्नास वर्षं कुणाला सांगितलं नाही कारण त्यात माझीच लाज आहे... आता वय झालं, लाज तरी किती दिवस सांभाळायची.

मी धुळ्याकडचा. सहासष्ट साली सुरतेला आलो आणि पावरलूमवर लागलो. लिंबायत तेव्हा अर्धं शेतच होतं. आमच्या खानदेशी लोकांची एक रीत होती — नवरात्राला वणीच्या गडावर जायचं, देवीपुढे ज्योत पेटवायची आणि ती पळत पळत सुरतेपर्यंत आणायची. सोबत ट्रक. एक दमला की दुसरा ट्रकमधून उतरून मशाल हातात घ्यायचा. पाय अनवाणी. मशाल थांबवायची नाही, जमिनीला टेकवायची नाही. विझली तर परत गडावर जाऊन पेटवायची. तोपर्यंत इकडे घट बसत नाही, बायका उपाशी वाट बघत राहतात. ज्याच्या हातात विझली त्याला मग वर्षभर कुणी मशालीला हात लावू देत नाही.

या सगळ्या वाटेत मानाचा टप्पा एकच. पहिल्या वर्षी सापुताऱ्याकडच्या घाटात दरड पडून ट्रक अडकला होता, म्हणून मीच ज्योत डांगच्या जंगलातून पायवाटेने नेली. तेव्हापासून तसंच चालू झालं. ट्रक रस्त्याने फिरून जायचा आणि ज्योत दोन डोंगर चढून-उतरून खाली नदीजवळच्या नाक्यावर त्याला भेटायची. दीड तासाची वाट. साग, बांबू, कमरेएवढं गवत, पाऊस नुकताच उघडलेला, दगडांवर शेवाळ. दोघांनीच जायचं — पुढे मशालवाला, मागे तेलाचा डबा घेतलेला. मशालीचा बोळा वीस-पंचवीस मिनिटांत कोरडा पडतो, म्हणून मागच्याने पळता पळता तेल घालत राहायचं.

हा डोंगर पाच वर्षं मी पळालो. लोक मला डोंगरवाला जगन म्हणायचे. खोटा मोठेपणा सांगत नाही, त्या वाटेवर माझ्यासारखा कुणी नव्हता.

मग बहात्तरच्या दुष्काळानंतर साक्रीकडून नामदेव आला. आमच्याच कारखान्यात लागला. तुटलेल्या धाग्याला गाठ कशी मारायची ते त्याला मीच शिकवलं. वीस-बावीसचा, काडीसारखा. पण पळायला लागला की बघणाऱ्याला वाटायचं, याला वजनच नाही. एकदा आमच्या हिने भाकरी टाकता टाकता म्हटलं, "नामदेव भाऊजी पळतात ते बघायला किती बरं वाटतं." मी त्या दिवशी जेवलो नाही. का जेवलो नाही ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या वर्षी गडावरून ज्योत निघाली. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला डोंगराचा फाटा आला. आप्पा म्हणजे आमचे मुकादम, मंडळाचं सगळं त्यांच्याच हातात. ते ट्रकमध्ये उभं राहून म्हणाले, "यंदा डोंगर नामदेव पळेल. जगन, तू तेल घे."

"मी? तेल?"

"अरे, गुडघा बघ तुझा. मागच्या महिन्यात लंगडत होतास."

"गुडघा माझा आहे का तुमचा?"

सगळा ट्रक हसला. एक जण मागून ओरडला, "जगन भाऊ, तेल घालताना थोडं गुडघ्यालाही लावून घ्या!"

नामदेव जवळ आला. हळूच म्हणाला, "भाऊ, तुमले राग उना व्हई तर मी तेल लेस. मशाल तुम्ही ल्या."

मनापासून म्हणाला हो तो. तेच मला जास्त लागलं. याने दिलेला मान मी घेऊ? मी डबा उचलला.

पहिला डोंगर त्याच्या मागे चढलो. समोर त्याच्या टाचा. दगड डळमळला तरी त्याची टाच डळमळत नव्हती. वर पोचल्यावर एकदा तेल घातलं. उतार लागला आणि मी मागे राहिलो. गुडघा दुखत नव्हता. खोटं कशाला लिहू? मुद्दाम राहिलो. एका जाड सागाच्या आड बसलो.

खालून हाक आली, "भाऊ, तेल!"

मी डबा मांडीवर घेतला.

"ओ भाऊ! कथा ऱ्हायनात?" कुठे राहिलात म्हणून विचारत होता.

मी तोंडावर हात धरला. त्याला थांबता येत नव्हतं, तो पुढे गेला. दुसऱ्या डोंगरावर एक फुटलेला काळा खडक आहे. तिथे सरळ जाणारी वाट मोठी दिसते पण ती कड्यावर जाऊन संपते. डाव्या हाताला गवतात लपलेली खरी वाट. ती मला पहिल्या वर्षी चुकून सापडली होती. पुढे दर साली तेल घेऊन येणारा मागे मागे यायचा पण त्याचं सगळं लक्ष बोळ्याकडे. ती जागा मी कुणाला दाखवली नाही. नामदेवलाही सांगितली नव्हती.

मी दोन बिड्या ओढल्या. डबा मांडीवर, भरलेला. मनात म्हटलं, आता बोळा कोरडा पडला असेल... आता विझली असेल... आता कड्यावर उभा राहून रडत असेल. असं वाटून मला बरं वाटलं. मग सावकाश दुसऱ्या डोंगरावरून डाव्या वाटेने उतरलो.

खाली ढोल वाजत होता.

नाक्यावर ट्रक उभा. ज्योत पेटलेली, दुसरा गडी ती घेऊन ट्रकभोवती फेऱ्या मारत होता. मला बघून आमचा गुजराती ड्रायव्हर म्हणाला, "अरे जगनभाई, तमे तो हमणां पाणी पीधुं! पाछा उपर केम गया?"

आत्ता तर पाणी प्यालात, परत वर का गेलात, असं विचारत होता. मला वाटलं चेष्टा करतोय. तेवढ्यात नामदेव धावत आला आणि सगळ्यांसमोर माझ्या पायावर डोकं ठेवलं.

"उठ. काय झालं?" मी म्हटलं.

"काय झालं काय भाऊ! पोटऱ्यांत गोळा आला तर तुम्ही मशाल घेतली, मला हाताला धरून चढवलं. तीनदा तेल घातलं."

"कुठे घातलं?"

"विसरलात? नाल्यात, मग चढावर, मग त्या फुटक्या खडकाजवळ. मी सरळ चाललो होतो. तुम्ही दंड धरून डावीकडे ओढलं. म्हणालात, पायाकडे बघू नको, दहा पावलं पुढचं झाड बघ."

पायाकडे बघू नको, झाड बघ — हे मी मनातल्या मनात स्वतःला म्हणायचो, त्या उतारावर, दर वर्षी. तोंडाने कधी कुणापुढे बोललो नव्हतो.

आप्पांनी माझ्या हातातला डबा घेतला आणि हलवून पाहिला. "हा तर भरलेलाच आहे रे?"

"नाल्यावर पाणी भरून घेतलं," मी म्हटलं. आयुष्यात एवढं पटकन खोटं बोललो नव्हतो. ढोलाच्या गडबडीत कुणी झाकण उघडलं नाही. मी बांबूच्या बेटामागे जाऊन डबा ओतला. तेलच होतं. पहिल्या डोंगरावर घातलं तेवढंच कमी.

नामदेव आणि मी दोघं उतरून येताना ड्रायव्हरने पाहिलं, आप्पांनी पाहिलं, ट्रकमधल्या आठ-दहा जणांनी पाहिलं. मी लोटाभर पाणी प्यालो आणि तोंड पुसत झाडीत गेलो म्हणतात. शर्ट हाच, गमछा हाच.

सुरतेत घट बसला. वर्षभर माझं कौतुक. हीसुद्धा म्हणाली, "ज्याला मान दिला नाही त्यानेच ज्योत राखली." मी मान खाली घालून ऐकून घ्यायचो. लोकांना वाटायचं, जगनला गर्व नाही.

पुढच्या वर्षी आप्पांनी सगळ्यांदेखत मशाल माझ्या हातात दिली. नामदेवने स्वतःहून तेलाचा डबा घेतला. मला हवं होतं ते सगळं मिळालं. मी जीव तोडून पळालो. दोन डोंगर कुठे न थांबता, कुठे न घसरता. पाच वर्षांत तसा पळालो नव्हतो. नाक्यावर पोचलो, मशाल पुढच्याला दिली आणि धापा टाकत नामदेवकडे बघितलं. हो, शाबासकीसाठीच बघितलं.

तो डबा खाली ठेवत हसला. "भारी पळालात भाऊ," म्हणाला. मग अगदी साध्या मनाने म्हणाला, "पण मागल्या साली पळालात ना... तसं नाही."

त्यानंतर मी डोंगर पळालो नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं.

देवी होती म्हणाल तर ती माझ्यासारख्या नासक्या माणसाचं रूप कशाला घेईल? भास म्हणाल तर भासाने तेल कसं घातलं? मला ठाऊक नाही. तो कोण होता ते जाऊ द्या. तो माझ्यापेक्षा चांगला पळत होता, एवढं मात्र आजही मला सहन होत नाही.