फुकट मिळालेली सनद

हे मी वर्षालाही सांगितलेलं नाही. वर्षा म्हणजे माझी बायको. तिच्यापासून काही लपवायची माझी प्राज्ञा नाही, मी बाहेर कचोरी खाऊन आलो तरी तिला जिन्यातच कळतं. पण हे मात्र पाच वर्षं झाली, तिला कळलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या घरच्या ग्रुपवर नाही.

सुरुवात त्या ग्रुपपासूनच करायला हवी. आमच्या घराण्याच्या दोन पात्या — एक धारला, एक देवासला, म्हणजे आमची. दोन्हीकडची सगळी माणसं त्या ग्रुपवर आहेत, आणि रोज सकाळी सातला मी तिथं 'आजची फुकट चीज' टाकतो. डोक्यावरून जाणारं विमान कुठून कुठं चाललंय ते दाखवणारी साइट. पक्ष्याचा आवाज ऐकवला की त्याचं नाव सांगणारं ॲप. स्वेटरच्या जुन्या विणी, फोटोतला नको तो माणूस पुसून टाकायची सोय, घरबसल्या आकाशातले ग्रह. सगळं इंटरनेटवरचं, सगळं फुकट. बाकीचे लोक गुड मॉर्निंगची फुलं पाठवतात, मी उपयोगाचं पाठवतो — असा माझा तोरा होता. होता कशाला, आहे.

मुद्द्यावर येतो. येतोच आहे — पण आधी महालक्ष्म्या सांगितल्या पाहिजेत.

आमच्याकडे ज्येष्ठागौरींना महालक्ष्म्या म्हणतात. दोन पितळी मुखवटे आहेत, पूर्वजांनी दक्षिणेतून येताना आणलेले. दोघं सख्खे भाऊ दरबारच्या नोकरीसाठी माळव्यात आले, एक धारेस राहिला, एक देवासला. मुखवटे थोरल्या पातीकडे राहायचे, असा कुळाचार. आता थोरला कोणता? ते कोणालाच ठाऊक नाही. वंशावळ ज्या पेटीत होती ती वाळवीनं खाल्ली. मुखवटे धारला होते, म्हणून धारवाले म्हणत, आम्ही थोरले. देवासवाले म्हणत, तुम्ही नुसते दाबून बसलात. भांडण असं कधी झालं नाही. दर भाद्रपदात धारला जायचं, सोळा भाज्या आणि पुरणपोळ्या खायच्या, आणि परतीच्या बसमध्ये इंदूर येईपर्यंत कुरकुरायचं. इतकंच.

धारला आप्पाकाका आणि माईकाकू. आप्पाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, घराण्यातले आता सर्वांत वडील. महालक्ष्म्या बसवायच्या त्या मात्र माईकाकूंनी, चाळीस वर्षं. मुखवटे चिंचेनं घासण्यापासून नथीचा फास नीट बसवण्यापर्यंत दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायच्या नाहीत.

पाच वर्षांपूर्वी, जेवणाच्या पहिल्या पंगतीत, सगळ्यांच्या देखत आप्पाकाका मला म्हणाले, "अरे भिया, हे तू रोज सकाळी फालतू काय भेजत असतोस? विमान कुठं गेलं ते समजून मी काय करू? कधी काही कामाचं मिळतं का तुझ्या त्या इंटरनेटवर?"

पंगत हसली. वर्षासुद्धा हसली. मला पुरणपोळी गिळवेना. एवढ्या तेवढ्यावरून? हो. एवढ्या तेवढ्यावरूनच. मी शाळेत गणित शिकवतो, मुलं माझ्यावर हसतात ते मला चालतं. पण माझ्या चिजांवर?

पुढच्या रविवारी दुपारी मी बसलो होतो, आणि मला एक साइट सापडली. आपण देवनागरीत लिहायचं, ती मोडीत करून देते. फुकट. तुम्हाला कल्पना नसेल, पण आमच्या घरात मोडी म्हणजे काय! 'आमच्या आजोबांना मोडी यायची' हे वाक्य आमच्याकडे आडनावासारखं सांगतात. आज एकालाही येत नाही. निम्म्या पोरांना तर देवनागरी मराठी वाचताना घाम फुटतो, सगळे हिंदी शाळांतले. तर साइट चालते का बघावं म्हणून समोर जे होतं ते टाइप केलं. समोर वर्षानं लिहिलेली वाण्याची यादी होती. तूरडाळ. धने. जिरावन — म्हणजे आमच्या माळव्यात पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला. लौंगवाली शेव, ताजी असेल तरच. कपड्यांचा साबण. गॅसवाल्याला फोन करणे.

मोडीत ते इतकं भारदस्त दिसायला लागलं, काय सांगू! एक रेघ सबंध ओळीवरून गेलेली, अक्षराला अक्षर जोडलेलं. आणि माझ्याकडे दुसरी एक साइट होती, कोऱ्या कागदाला जुनाट करून देणारी. चहाचे डाग, घडीच्या रेघा आणि वाळवीची भोकं — कमी, मध्यम, जास्त. मी मध्यम घेतली.

तुम्हाला आता कळलंच असेल. तरी मी माझ्या तोंडानं सांगतो, कारण त्यासाठीच बसलोय. सोमवारी सकाळी सातला मी तो कागद ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं — 'आजची फुकट चीज. जुन्या दप्तरातली आपल्याच घराण्याची सनद, इंटरनेटवर सापडली. मतलब असा की, थोरल्या बंधूंची नेमणूक देवासास व धाकट्या बंधूंची धारेस केली असे.'

शप्पथ सांगतो, गंमत म्हणूनच. संध्याकाळी सांगून टाकणार होतो. कागदावर तर मी एक अक्षरही खोटं लिहिलेलं नव्हतं, धने आणायचेच होते — असलं समाधानही मी करून घेतलं. पण दहा मिनिटांत देवासच्या सगळ्या पातीनं टाळ्या वाजवल्या. एका चुलतभावानं तर पेढ्यांचा फोटो टाकला. आणि साडेसातला आप्पाकाकांचा फोन आला.

मला वाटलं, आता झाडणार. मी 'अहो काका, गंमत होती' एवढं तोंडात तयार ठेवलं होतं. पण काका म्हणाले, "अवि, आमचंच गलत होतं रे. इतकी वर्षं तुमचा मान आम्ही दाबून बसलो. आणि कालपरवा भरल्या पंगतीत मी तुला काय काय बोललो! कामाचं शोधलंस हो, बहुत कामाचं."

बहुत कामाचं! हे दोन शब्द ऐकले आणि तोंडातलं वाक्य मी गिळलं. सरळ गिळलं. नंतर त्यांनी लिंक मागितली तेव्हा म्हणालो, ती साइट बंद पडली काका.

पुढच्या भाद्रपदाच्या आधी आप्पाकाका आणि माईकाकू मुखवटे घेऊन आले. इंदूरला बस बदलून, पत्र्याची पेटी सबंध वेळ मांडीवर धरून. आप्पाकाकांनी त्या कागदाच्या दोन तसबिरी करून घेतल्या होत्या, एक आम्हाला, एक त्यांना. आमची त्यांनी स्वतःच्या हातानं दिवाणखान्यात लावली आणि मागं सरून म्हणाले, "अक्षर बघ कसं एकसारखं! असे कारकून आता सापडणार नाहीत." मग हात जोडले. दसऱ्याला शस्त्रांबरोबर तिचीही पूजा करायची, असं ठरवून टाकलं. माझ्या घरात दर दसऱ्याला कपड्यांच्या साबणाला हळद-कुंकू वाहिलं जातं. वाहणारा मीच.

माईकाकू स्वयंपाकघरात वर्षाला सांगत होत्या. "डावीचं नाक जरा नाजूक आहे हं. चिंच जोरात घासू नकोस." बस, तेवढंच. निघताना त्यांनी रिकामी पेटी उचलली, पुन्हा उघडून आत बघितलं आणि बंद केली. मी तिथंच उभा होतो. मग मी काय केलं? त्यांना रिक्षा आणून दिली.

महालक्ष्म्या देवासला आल्यापासून वर्षाची कंबर गेली. सोळा भाज्या चिरताना ती दरवर्षी विचारते, कोणाला पडली होती रे त्या सनदेची? मी कोशिंबीर ढवळत राहतो.

इथंच थांबलं असतं तरी बरं. पण माझी ती सकाळची सात वाजताची खोड! एके दिवशी पाठवायला काही मिळेना. सात वाजत आले. घाईत जे पहिलं हाती लागलं ते टाकून दिलं — 'मोडी शिका, तीस धडे, फुकट.' पाठवलं आणि मग वाचलं. पुसायला बोट पुढं केलं तर त्याखाली एक अंगठा आलेला होता. माईकाकूंचा. पाठोपाठ मेसेज, "छान आहे रे. आपली सनद वाचता येईल."

उपयोगाचं म्हणावं असं माझ्या हातून त्या आधी काही गेलं नव्हतं.

वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्या शिकायला बसल्या. धडा पाचवा झाला, ग्रुपवर कळवलं. धडा बारावा. लोक शाबासकी देत होते, मी रोज पहाटे उठून धडे मोजत होतो. सव्विसावा. सत्ताविसावा. धारला सनदेची तसबीरही आप्पाकाकांनी लावलेली, जिथं महालक्ष्म्या बसत त्याच कोपऱ्यात. तीस धडे झाले आणि माईकाकूंनी कळवणं बंद केलं. दिवस गेले, महिने गेले. काहीच नाही. मी म्हटलं, सुटलो. मोडी अवघड असते, म्हाताऱ्या माणसाला कुठली लागायला!

गेल्या वर्षी माईकाकू महालक्ष्म्यांना आमच्याकडे आल्या. पूजनाच्या सकाळी स्वयंपाकघरात त्या पोळ्या करत होत्या, मी तुपाची तामली घेऊन गेलो. दुसरं कोणी नव्हतं. वर न बघता त्यांनी विचारलं, "अवि, शेव ताजी मिळाली होती का रे?"

नैवेद्यात शेव नसते. त्या दिवशी घरात शेव नव्हती.

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. हसू येईल न येईल असा होता — लहानपणी मी लाडू चोरायचो आणि त्या 'किती खाल्लेस?' म्हणून विचारायच्या ना, तसा. किती सोपं करून दिलं होतं त्यांनी! मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. किंवा नुसतं खाली बसायचं होतं. बाकीचं त्यांनी सांभाळून घेतलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी म्हणालो, "कोणती शेव, काकू?"

त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं. मग "काही नाही रे" म्हणाल्या आणि तव्यावरची पोळी उलटली.

त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. धारच्या घरी दसऱ्याला आप्पाकाका अजून तसबिरीची पूजा करतात, आणि अक्षतांची वाटी त्या हातात धरून उभ्या राहतात. मुखवटे माझ्या कपाटात आहेत. यंदा चिंचेनं घासताना डावीचं नाक जरा झिजलंय, ते माझ्या हातून.

आज सकाळी सातला मी जुन्या भांड्यांना कल्हई कशी करायची ते दाखवणारी एक साइट पाठवली. पहिला अंगठा धारहून आला, माईकाकूंचा.