कूलरवरच्या माशा

मधमाशीशी माझं वैर नाही. तिनं शेतात जावं, फुलांवर बसावं, मध करावा. माझ्या गॅलरीतल्या कूलरवर तिचं काय काम? पण नागपूरच्या उन्हाळ्यात ओल दिसली की तिलाही राहवत नाही. होळीनंतर कूलरला गवताच्या नव्या ताट्या बसवल्या, पाणी सोडलं, की दुपारी त्या ओल्या ताट्यांवर माशांची जत्रा भरते.

इतरांना त्याचं काही वाटत नाही. आमच्याकडे मात्र गेल्या उन्हाळ्यात यांना एकच मधमाशी चावली आणि बघता बघता ओठ सुजले, घसा आवळला. ऑटोनं कसेबसे दवाखान्यात पोचलो. वाचले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या वेळी इतका वेळ मिळेलच असं नाही. तेव्हापासून आमचं घर म्हणजे किल्लाच. कूलरभोवती बारीक जाळी. आंब्याच्या साली लगेच बांधून बाहेर. छज्ज्याखाली गांधीलमाशीनं चिमूटभर घर बांधायला घेतलं की यांना आतल्या खोलीत बसवायचं आणि मगच काठी उचलायची. शिवाय सुगंध सगळे बंद, कारण गोड वासानं माशा येतात असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पावडर गेली, उदबत्ती गेली, माझा गजरासुद्धा गेला. मनीषनगरच्या चौकात मोगरा विकायला बसतात आणि मी तोंड फिरवून जाते. किती जड जातं ते माझं मला ठाऊक.

एवढं करूनही यंदा माशा हटेनात. उलट वाढल्या. आणि घरात दुपारभर खसचा वास! आपल्या लोकांना कूलरच्या पाण्यात खसचं अत्तर टाकायची भारी हौस. वरच्या मजल्यावरच्या बाई दरवर्षी टाकायच्या, आणि त्यांचं पाणी आमच्या जाळीवर ठिबकायचं. माझं डोकं सणकलं. इथे माणसाचा जीव टांगणीला आणि बाईसाहेबांना सुगंध हवा!

तशीच जिना चढले. दार उघडल्याबरोबर म्हटलं, "काहून वं बाई, माह्या माणसाचा जीव घेऊन राहिली काय?"

बाईंनी मला पोटभर बोलू दिलं. मग हाताला धरून गॅलरीत नेलं. कूलर कोरडा ठणठणीत, वर जुनी चादर टाकलेली. त्यांनी यंदा एसी लावला होता.

"आधी आपलं घर पाह्य वं," त्या म्हणाल्या.

खाली आले ती थेट गॅलरीत. जाळीची एक बाजू उघडून हे कूलरवर वाकलेले, हातात अत्तराची बाटली. माशा हातभर अंतरावर घोंघावत होत्या. मी दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावलं.

"कूलर म्हटला म्हंजे खस पाहिजेच वं," हे चक्क हसत होते. "नाहीतर त्या हवेत काय मजा? आन् मी जपूनच टाकून राहिलो."

जपून! मी वर्षभर घराची राखण करते आणि हा माणूस माशांना आवतण देतो! लोकांशी भांडायला मी, जिने चढायला मी, तोंडावर पडायलाही मीच.

"ऑटोत तुमचं डोकं माह्या मांडीवर होतं," मी ओरडले. "हाका मारून राहिली होती मी, तुमचा श्वासच लागत नव्हता हाताले. तुम्हाले काही आठवत नाही. मले आठवते!"

त्यांचं हसू गेलं. बाटली तशीच हातात धरून ते पलंगावर बसले.

"हे तू मले सांगितलंच नाही," ते म्हणाले.

कसं सांगणार होते मी? त्या ऑटोत 'हे गेले' असंच मी धरून चालले होते. ते शब्द तोंडातून निघाले की खरे होतील, अशी भीती मला अजून वाटते.