पत्र्यावरचं पाचट

मी मुळातच भित्री. पालीला भिते, विजेच्या बटणाला भिते, आणि पहिल्या बाळंतपणात तर या भीतीला ऊतच आला होता. लेक झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालतोय ना ते बघायचे. आई चिडायची. "आगं, झोपू दे की तिला! तूच जीव घेशील तिचा," म्हणायची. मी बोट काढायचे आणि ती वळली की परत धरायचे.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. सासर दौंडला, माहेर तळेगाव ढमढेऱ्याला, आणि बाळंतपण आलं ऐन चैत्रात. माहेर म्हणजे विटांची एक खोली, वर पत्रा आणि एकच दार. पत्रा असा तापायचा की जेवताना डोक्यावर हात ठेवावासा वाटे. आमच्याकडे यावर उपाय म्हणजे पाचट. ऊस तुटून गेला की शेतात वाळका पाला उरतो, तो आणून पत्र्यावर पसरायचा आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवायचे. खोली बऱ्यापैकी गार राहते. त्या वर्षी घरात तान्हं बाळ येणार म्हणून आप्पांनी, माझ्या वडिलांनी, चांगला गुडघाभर थर घातला होता. दाराला गोणपाट टांगलं होतं, ते आम्ही दिवसातून दहादा ओलं करायचो.

त्याआधी हिवाळ्यात पंचायत समितीची निर्धूर चुलीची योजना आली होती. बराचसा खर्च सरकारचा. धूर घरात न येता नळीतून पत्र्याबाहेर जाणार. साहेब येऊन चूल पेटलेली बघणार, मगच सवलत मंजूर. अर्ध्या आळीनं साहेब येऊन जाताच तिच्या वैलात, म्हणजे मागच्या तोंडात, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली. आप्पांनी मात्र ती माझ्यासाठी मागून घेतली होती. "लेकराच्या डोळ्यात धूर जायला नगं," एवढंच त्यांचं म्हणणं. आमच्याकडे साहेब अजून यायचा होता.

नळी बसवली तेव्हा पत्रा उघडाच होता. ती हातभर वर आली होती, गवंड्याचं काम चोख होतं. पाचट पडलं नंतर. नळीभोवतीच्या फटीतून झळ आत येते म्हणून आप्पांनी पाचट नळीला चांगलं दाबून बसवलं. वर दिसत होतं ते फक्त तिचं टोपण. घर गार आणि आत धूर नाही, म्हणून आई येणाऱ्याजाणाऱ्याला आत बोलावून चूल दाखवायची. कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मला, सगळ्याला भिणारीलासुद्धा नाही.

त्या दुपारी आईनं बाळाच्या अंघोळीचं पाणी ठेवलं, चुलीत तुरीच्या वाळक्या तुराट्या सारल्या आणि हंडा घेऊन नळावर गेली. तुराट्या भडाभडा जळतात, ठिणग्याही फार उडवतात. जुन्या चुलीतून त्या आमच्याच अंगावर यायच्या आणि आम्ही शिव्या देत विझवायचो. आता त्या नळीतून वर जात होत्या.

आधी मला आवाज आला. पत्र्यावर खार फिरावी तसं करकर, करकर. मग तो वाढला. आत धुराचा पत्ता नव्हता, चूल शहाण्यासारखी जळत होती. मी वर बघितलं तर खिळ्याच्या भोकांतून तांबडं दिसत होतं. ऊन असं तांबडं नसतं हे कळायला मला जो वेळ लागला, तो आजही अंगावर येतो.

मी लेकीला उचललं आणि दाराकडे वळले, तोच जळतं पाचट पत्र्यावरून घसरून उंबऱ्याबाहेर पडलं. गोणपाटापलीकडे जाळच जाळ. मागे वाट नाही, खिडकी नाही. टाके ओढत होते. वरून पाचटाचा आणखी एक जळता झुबका पडला. गोणपाट खालून ओलं होतं, वरची कड धुमसत होती. मी ते ओढून काढलं, लेकीला डोक्यापासून पायापर्यंत त्यात गुंडाळलं, डोळे मिटले आणि जाळातून बाहेर पडले. पायाला काय झालं ते तेव्हा कळलंच नाही.

बाहेर येऊन गोणपाट सोडलं तर ती गप्प. रडेना, हलेना. मी नाकाशी बोट नेलं, पण बोट इतकं थरथरत होतं की मला काही कळेचना. मी तिला गदागदा हलवत राहिले. मग ती शिंकली आणि जी रडायला लागली, ती आळी गोळा होईपर्यंत थांबली नाही.

नळावरच्या बायका भरल्या हंड्यांनिशी धावत आल्या. आप्पा शेतातून आले. वर चढून हातांनीच पाचट खाली ओढू लागले, कुणाचं ऐकेनात. छताचे वासे जळाले, भिंती राहिल्या. साहेब आठवड्यानं आला. बिनछपराच्या खोलीत उभा राहून त्यानं चूल बघितली, "चूल व्यवस्थित हाय," म्हणाला आणि सवलत मंजूर केली. चूल खरंच व्यवस्थित होती.

पण आप्पांनी त्या दिवसानंतर नातीला हातात घेतलं नाही. मी पुढे केली की "पडंल गं" म्हणून मागे सरायचे. हाताचे फोड बरे झाले तरी तेच. दौंडला परत निघाले त्या दिवशी जीप सुटायच्या बेतात होती, आप्पा रस्त्याकडेला बसले होते, तेव्हा मी चिडून तिला सरळ त्यांच्या मांडीवरच ठेवली. "आप्पा, धरा. तुम्हीच केलं ना हे सगळं हिच्यासाठी?"

त्यांनी धरली. तिच्याकडे बघायचं धाडस होईना, म्हणून माझ्याकडे बघत म्हणाले, "हिला सांगू नगंस. आज्यानं जाळत आणली व्हती, हे हिला कवाच सांगू नगंस."

आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. तिला मी अजून सांगितलेलं नाही.