खाणीपाशी सोडलेली कबुतरं

आमच्या मंडळात त्याला नावाने हाक मारलेली मी तरी ऐकलेली नाही. सगळे त्याला किलोमीटर म्हणतात, आणि रागावली की त्याची बायकोसुद्धा तेच म्हणते. कारण सरळ आहे. तुम्ही सहज म्हणालात, अमक्याचं घर इथून जवळच आहे, की हा लगेच म्हणणार, ‘जवळ कसलं? दोन पॉइंट सहा आहे.’ लग्न ठरायच्या वेळी मुलीला भेटून घरी आला, तेव्हा आईने विचारलं, ‘कशी आहे रे?’ तर म्हणाला, ‘बावीस आहे, पण रस्ता चांगला आहे.’ हे त्याच्या आईनेच मला सांगितलं आणि मी निदान दोनशे लोकांना सांगितलं. त्यात माझी काही भर नाही. असलीच तर थोडी.

धंद्याने तो ड्रायव्हर. इस्पितळांच्या चादरी धुणारी एक मोठी लाँड्री आहे, तिची गाडी चालवतो. सहा दिवस मळक्या चादरी आणायच्या, धुतलेल्या पोचवायच्या. सातवा दिवस कबुतरांचा. लाँड्रीच्या मालकाची अट एवढीच: रविवारी गाडी खुशाल ने, डिझेल तुझं घाल, आणि सोमवारी चादरीला पीस चिकटलेलं दिसलं तर याद राख.

आमचं मंडळ म्हणजे अकरा घरं, अकरा गच्च्या आणि अकरा ढाबळी. कबुतरं शर्यतीची. त्यांना लांब कुठे नेऊन सोडलं की ती आपापल्या ढाबळीत परत येतात. पण हे ज्ञान काही अंड्यातून पूर्ण येत नाही. पिल्लू उडायला लागलं की आधी थोड्या अंतरावरून, मग लांबून, असं वाढवत न्यावं लागतं, आणि लांबच्या सोडण्यात खंड पडू द्यायचा नसतो. पडला तर ते कबुतर म्हणजे नुसती महागाची कोंबडी. तर दर रविवारी सकाळी किलोमीटर सगळ्यांच्या करंड्या गोळा करायचा, धरणापर्यंत जायचा, झाकणं उघडायचा आणि फोन करायचा, ‘सोडली!’ धरण इथून एकाहत्तर. मग तासभर आम्ही बाकीचे दहा जण घड्याळ हातात धरून आभाळाकडे बघत बसायचो. आमच्या बायका म्हणतात, इतक्या आशेने आमची वाट कधी पाहिली नाहीत. खरं आहे, काय बोलणार?

डिझेलसाठी गाडीत एक डबा होता. करंडी देताना प्रत्येकाने ठरलेली वर्गणी त्यात टाकायची. ती ठरली तेव्हा गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. त्यानंतर डिझेल वाढलं. परत वाढलं. आम्ही पेपरात वाचत होतो, ‘काय हे!’ म्हणत होतो आणि पान उलटत होतो.

किलोमीटरने आधी स्वतःची काटछाट केली. त्याची कबुतरं मुळात चारच. त्यातली दोन विकली. उरलेल्यांचे दाणे हलके आणू लागला. वाटेतला चहा बंद केला. तरी भागेना. बायको एक दिवस सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी म्हणाली, ‘अहो, गाडी मालकाची, कबुतरं लोकांची, आणि डिझेल तेवढं आपलं? हा छंद आहे की चाकरी?’

तो बिचारा महिन्याच्या बैठकीत उभा राहिला. बैठक टेलर मास्तरांच्या दुकानात असते. मास्तर आमचे अध्यक्ष, कारण खुर्च्या त्यांच्या.

‘ते जरा... गाडीचं म्हणत होतो...’ किलोमीटर म्हणाला.

‘का? बिघडली?’ मास्तरांनी विचारलं.

‘नाही, गाडी ठणठणीत आहे.’

‘मग झालं तर!’ मास्तर म्हणाले. तेवढ्यात चहा आला. तो खाली बसला. कान लाल झाले होते. मागायचं म्हटलं की त्याचे कान लाल होतात, लहानपणापासून. आम्ही सगळ्यांनी ते कान पाहिले आणि चहा प्यालो.

त्याच्या पुढच्या रविवारी तो धरणापर्यंत गेलाच नाही. अर्ध्या वाटेवर दगडांची खाण आहे. इथून चौतीस. तिथे गाडी उभी केली आणि आम्हाला फोन केला, ‘सोडली!’ पण सोडली नव्हती. जवळून सोडली तर कबुतरं अर्ध्या वेळात येणार, मग चोरी पकडली जाणार. म्हणून आधी फोन करायचा, अर्धा तास तिथेच बसायचं आणि मग झाकणं उघडायची, असा त्याचा हिशेब. हिशेब बरोबर होता, माणूस चुकीचा होता. बंद करंडीत कबुतरं घुटर्र घुटर्र करत जागेवर फिरायला लागली की त्याला बसवेना. वीस मिनिटांत उघडायचा. कधी पंधरा.

म्हणजे काय झालं बघा. कबुतरं दहा-दहा, पंधरा-पंधरा मिनिटं लवकर यायला लागली. आम्हाला वाटलं, वा! आमच्या पैदाशीत काहीतरी उतरलंय. मास्तर सांगू लागले, हे त्यांच्या खास दाण्याचं फळ. मी सांगू लागलो, हे माझ्या जुन्या नराचं रक्त. जो तो छाती काढून फिरत होता. आणि मधे किलोमीटर, सगळ्यांच्या शाबासक्या झेलत, कान लाल करून. मी त्याला विचारायचो, ‘काय रे, धरणावरचा चहावाला काय म्हणतो?’ तो मान खाली घालून सांगायचा, ‘बरा आहे. मुलीला नोकरी लागली म्हणाला.’ पुढच्या वेळी सांगायचा, ‘छपराला नवीन पत्रा टाकलाय.’ मला असल्या बातम्या भारी आवडतात. त्याला ते ठाऊक होतं.

आता आत्यांबद्दल सांगायला हवं. आमच्या मंडळात बाई एकच, पोस्टवाल्या आत्या. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसल्या, निवृत्त झाल्या आणि कबुतरं पाळायला लागल्या. मी एकदा म्हटलं, ‘आत्या, पेन्शन सुरू झाली तरी टपाल काही सुटत नाही तुम्हाला!’ त्या म्हणाल्या, ‘आजोबा, तुमचे दात पडले, पण जीभ सुटली का?’ तेव्हापासून मी त्यांच्या वाटेला फारसा जात नाही.

त्यांच्याकडे यंदाची एक मादी होती, ठिपकी. राखाडी अंगावर पांढरे ठिपके. आईने टाकून दिलेलं पिल्लू. आत्यांनी ड्रॉपरने भरवलं, उशाशी खोक्यात ठेवून वाढवलं. ती आत्यांच्या खांद्यावर बसून त्यांचा चष्मा ओढायची. आत्या एकट्या राहतात. दिवसभर घरातून ‘ठिपके, सोड! ठिपके, नको!’ असा आवाज यायचा आणि शेजाऱ्यांना वाटायचं, कुणी भाची आली आहे.

असे सात महिने गेले. मग वर्षाची मोठी शर्यत आली. ती एकशे चाळीसवरून. कबुतरं न्यायला शर्यतवाल्यांचा वेगळा ट्रक येतो. एरवी आम्ही फक्त जुनी, मुरलेली कबुतरं पाठवतो. यंदा मास्तर म्हणाले, ‘नवी सगळी पाठवा! वेग बघा त्यांचा!’

किलोमीटर म्हणाला, ‘नवी नको. या वर्षी राहू द्या.’

‘तुझी दोनच आहेत म्हणून आमचीही नकोत का?’ मास्तर हसून म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

‘आत्या, ठिपकीला तरी ठेवा,’ तो म्हणाला.

‘का रे? धरणावरून येते की पन्नास मिनिटांत. तूच तर सोडतोस.’

तेव्हाच बोलला असता तर! पण दहा माणसं समोर, आणि सात महिन्यांचं खोटं. त्याने करंड्या ट्रकमध्ये चढवायला मदत केली. ठिपकीची करंडी स्वतः उचलली आणि खिडकीजवळ, वारा लागेल अशी ठेवली.

आमची चोवीस कबुतरं गेली. संध्याकाळपर्यंत आली नऊ, तीही जुनी, पूर्वी धरणाची वाट खरोखर पाहिलेली. नव्यांपैकी एकही नाही. खाणीपलीकडचं जग त्यांनी पाहिलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कारणं सुरू झाली. मास्तर म्हणाले, ससाणे. दुसरा म्हणाला, धुकं. तिसरा म्हणाला, शर्यतवाल्यांनी पाणीच पाजलं नसणार. प्रत्येक कारणाला किलोमीटर मान डोलवत होता. ससाण्यालाही आणि धुक्यालाही. आत्या मात्र पाच दिवस गच्चीवर खुर्ची टाकून बसल्या. जेवणाचं ताट तिथेच.

सहाव्या दिवशी दुपारी त्यांनी किलोमीटरला आणि मला बोलावलं. मला का, तर माझ्या ढाबळीत जागा आहे म्हणून. त्यांची उरलेली सहा कबुतरं दोन करंड्यांत भरून तयार होती.

‘ही घेऊन जा, आजोबा. मला पाळता येत नाहीत.’

‘म्हणजे?’ मी विचारलं.

‘मी तिला फार खाऊ घातलं. लाडाने जड करून ठेवलं. इतर कुणी असतं तर उपाशी ठेवून उडवलं असतं. ती वाटेत दमून कुठेतरी बसली असणार आणि...’ आत्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. ‘पक्ष्याला माणसासारखं वाढवू नये. माझी चूक आहे. न्या.’

किलोमीटर करंडीशी वाकला होता. तसाच वाकून राहिला. मला आधी वाटलं पाठ धरली. मग तो करंडीकडे बघतच म्हणाला, ‘ती जड नव्हती, आत्या.’

‘तुला काय कळतंय?’

‘दर रविवारी मीच हातात धरत होतो ना. जड नव्हती. तिला वाट माहीत नव्हती.’

‘धरणाची वाट माहीत होती तिला.’

‘नव्हती. मी धरणावर जात नव्हतो. खाणीपासूनच सोडत होतो.’

आत्यांनी पोस्टाच्या खिडकीतून विचारावं तसं विचारलं, ‘किती?’

‘चौतीस.’

‘कधीपासून?’

‘सात महिने. डिझेल परवडेना.’

‘आणि तो चहावाला? त्याची मुलगी?’

‘मुलगी आहे की नाही ते मला माहीत नाही, आत्या.’

चाळिशी ओलांडलेला माणूस. अंगावर लाँड्रीचा शर्ट, खिशावर लाँड्रीचं नाव शिवलेलं. गच्चीवर उकिडवा बसला आणि तोंड त्याच शर्टात लपवायला लागला. मला वाटलं, आता आत्या त्याची सालटी काढणार. त्या माझ्याकडे वळल्या.

‘आजोबा, तुम्हाला माहीत होतं?’

धरणाच्या रस्त्याची माती तांबडी आहे. गाडीच्या चाकांना मात्र दर रविवारी पांढरी धूळ असायची, दगडाच्या भुकटीची. ते मी दुसऱ्याच रविवारी पाहिलं होतं. गाडी पूर्वीपेक्षा उशिरा निघते, हेही. ज्याच्या पोटात दुपारची गोष्ट संध्याकाळपर्यंत टिकत नाही, त्याने ही एक गोष्ट सात महिने ठेवली. कारण माझं कबुतर ओळीने तीन रविवार पहिलं आलं होतं. आणि खरं बोललं की वर्गणी वाढणार होती.

‘चाकांना धूळ होती,’ मी म्हणालो. यापेक्षा जास्त मला बोलता आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

आत्या म्हणाल्या, ‘आणि मी काय केलं? त्या दिवशी बैठकीत त्याचे कान दिसले होते मला. चहा मीच आत बोलावला. म्हटलं, बिचारा अवघडलाय, विषय टळू दे.’ मग त्या किलोमीटरकडे बघून जोरात ओरडल्या, ‘मागायचं होतंस रे! तोंड उघडून मागायचं होतंस! मी रिक्षा सोडून चालत येते बाजारातून, मला कळलं नसतं का?’

तो उठला नाही. आम्हीही त्याला उठवलं नाही. मला बसायला खुर्ची होती, पण मी बसलो नाही.

संध्याकाळी तो स्वतः मंडळातल्या बाकी सगळ्यांच्या घरी गेला आणि सांगून आला. मास्तरांनी शिवी घातली, मग शिवणयंत्राचं चाक उगाच हाताने फिरवत बसले. पुढच्या बैठकीत वर्गणी वाढली. दोघांनी मंडळ सोडलं, एवढं परवडत नाही म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. उरलेल्यांनी ठरवलं, तीन रविवार खाणीपर्यंत, चौथा धरणापर्यंत. कुठून सोडली ते फोनवर सगळ्यात आधी सांगायचं. वेग आता कुणी सांगत नाही.

आत्यांनी कबुतरं मला दिली नाहीत. पण करंडीही गाडीत देत नाहीत. पहिल्या रविवारी ती हातात घेऊन स्वतःच पुढच्या सीटवर चढल्या, मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, ‘चल.’ तेव्हापासून दर रविवारी जातात. चौतीस असो की एकाहत्तर, वाटेत दोघं अक्षर बोलत नाहीत. मी एकदा मागे चादरींच्या जागेत बसून गेलो होतो, म्हणून सांगतो. याला आता आठ महिने झाले, पण त्या बसतात त्या बाजूच्या आरशात बघायची किलोमीटरला अजून हिंमत होत नाही. तिकडे वळायचं असलं की तो गाडी हळू करतो आणि समोर बघत थांबतो. आत्या काच खाली करतात, मान बाहेर काढून मागची वाहनं बघतात आणि म्हणतात, ‘घे.’