मीटरचा लाल दिवा

विजेचे मीटर तपासणं हे माझं काम. चाकणच्या कंपनीत टेस्टिंगच्या बाकावर बसते. जुन्या मीटरमध्ये तबकडी फिरायची, आता आत चिप असते. व्होल्ट, करंट सगळं तीच मोजते, आणि वीज जितकी जास्त जाईल तितका बाहेरचा लाल दिवा भरभर लुकलुकतो. दिवसभर तेच बघायचं. डोळे शिणतात, पण नुसत्या चालीवरून लोड ओळखता येतो.

ह्यांची फुफ्फुसं कामातून गेली आणि चिखलीच्या आमच्या घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. तेही विजेवर चालणारं. दर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जायची, पण गुरुवारी माझी सुट्टी. मी ऑक्सिजनचा सिलिंडर लावायची. इतर दिवशी गेली तर? सिलिंडरची चावी ह्यांच्या हातानं फिरत नव्हती, आणि शेजारच्या काकू त्याला भ्यायच्या. फोन करावा, तर बोलताना ह्यांना धाप लागायची. शिफ्टभर माझा जीव टांगणीला.

म्हणून कंपनीच्या बसमधून उतरले की आधी जिन्याखालचा आमचा मीटर बघायची. मशीन चालू असल्याची चाल मला पाठ होती. ती दिसली की जीव भांड्यात पडायचा. वर गेले की हे चिडवायचे, "घेतलं का रीडिंग? आहे ना मी जिवंत?"

"गप्प बसा हो, भलतंसलतं बोलू नका!"

त्या दिवशीही चाल बरोबर होती. मी निवांत झाले. जिन्यात काकू भेटल्या, त्यांच्याशी गप्पा मारल्या, चांगली खदाखदा हसले. आम्ही दोघी बोलत बोलतच वर आलो. मशीन घुरघुरत होतं, नळी नाकात, मान भिंतीकडे. म्हटलं, "अहो, उठा, चहा टाकते." कपाळाला हात लावला. थंडगार.

डॉक्टर येऊन म्हणाले, दुपारीच गेले. म्हणजे दुपारपासून मशीन हवा सोडत होतं, आणि मीटर इमानानं वीज मोजत होता. त्याचं काय चुकलं? वीज जातेय, एवढंच त्याला कळतं. रोज त्यातच डोकं घालून बसते मी, आणि मला मेलीला तेवढं कळू नये!

काकूंनी डोळे पुसले आणि मशीनच्या बटणाकडे हात नेला. मी किंचाळलेच, "काकू, बंद नका करू! धाप लागते त्यांना!"