थांबा मॅडम

आमच्या मॅडम उघडं दारही वाजवायच्या. वर्ध्याच्या कॉलेजात त्या आम्हाला प्रोग्रॅमिंग शिकवायच्या. लॅब त्यांचीच, तरी उंबऱ्यावर उभ्या राहून टकटक करायच्या आणि थांबायच्या. कोणी 'या' म्हटलं नाही तर पुन्हा टकटक, आणि आता आधीपेक्षा जास्त थांबायच्या. शिपाईकाका वैतागायचे, "मॅडम, दार उघडंच हाय ना जी!" मॅडम म्हणायच्या, "दार उघडं हाय काका, पन आतला मानूस मोकळा हाय का?" आम्ही त्यांना 'थांबा मॅडम' म्हणायचो. ते त्यांना माहीत होतं.

शिकवतानाही हेच. "दुसऱ्याच्या सर्व्हरवरून माहिती आणायची म्हणजे परक्याच्या घरी जाणं. लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेला आयता कोड, हा तुमच्या वतीनं जाणारा समजदार माणूस. कोणत्या दारानं जायचं, काय बोलायचं, त्याले माहीत असते. तुम्ही त्याले घाई करू नका." आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. अशा देवाणघेवाणीच्या सोयीला एपीआय म्हणतात; त्या शब्दाची मला भीती वाटायची. दार आणि माणूस मात्र समजले.

मी एक ॲप केलं. ते लायब्ररीमार्फत हवामानाचा अंदाज आणायचं आणि आमच्या बोलीत सांगायचं. हे आईसाठी होतं. ती जाम गावात पापड करून विकते. ढग आले की तिचा जीव खालीवर होतो. प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी ती पहिल्यांदाच कॉलेजात येणार होती. मी काय शिकतो ते तिला एकदा दिसावं, एवढंच मला हवं होतं.

सर्व्हरनं नकार दिला की जरा थांबून पुन्हा विचारायची सोय लायब्ररीत होती. मला ती रेंगाळणारी वाटली, म्हणून मी ती काढून ॲपला लगेच पुन्हा विचारायला लावलं. सकाळपासून ॲप एकसारखं विचारत सुटलं. आई लॅबमध्ये आली आणि नेमका तेव्हाच स्क्रीनवर संदेश उमटला: फार विनंत्या झाल्या, नंतर या.

"काय म्हनते तुहं मशीन?" आईनं विचारलं.

"नंतर या म्हणते."

"येवढ्या दुरून आली मी, अन् नंतर या?"

मागे मॅडम उभ्या होत्या. "काऊन रे, थांबायची सोय कोनं काढली?"

"मीच, मॅडम."

"दार बडवून बडवून घरच्याले वैताग आनला तू. टाक वापस. अन् बस आता गुमान."

मी ती सोय परत टाकली आणि बसलो. मॅडमनी आईला खुर्ची दिली. पापडखार किती, उडदाचं पीठ कुठून आणता, अशा दोघी रंगल्या. मी तिथे आहे हेही विसरल्या असाव्यात. अचानक ॲप बोललं, "उद्या कडक ऊन राहीन. पापड टाकजो माय."

आईनं बाहेर पाहिलं. आभाळ गच्च भरलं होतं.

"ह्याले खिडकी नाई का?" ती म्हणाली. सगळी लॅब हसली. मॅडम तर डोळे पुसत होत्या. मी कसाबसा हसलो.

परीक्षा झाल्यावर मॅडम नोकरी सोडून मुलीकडे राहायला निघाल्या. मी त्यांच्या नालवाडीच्या घरी गेलो. दार वाजवलं, थांबलो. पुन्हा वाजवलं, जास्त थांबलो. मग आतून आवाज आला, "अरे, किती थांबतं? लोटून ये ना!"

आत सामान बांधून झालं होतं. मी पिशवी पुढे केली. "आईनं दिले. ॲपनं ऊन सांगितलं होतं, त्या दिवशी टाकलेले."

"आभाळ भरलं होतं, तरी पीठ भिजवलं तिनं?"

"हो. म्हणाली, पोरगं येवढं शिकून खोटं कायले सांगन."

मॅडमनी एक पापड काढून खिडकीच्या उजेडात धरला. उन्हात कडकडीत वाळलेला तो पापड त्या उलटून पालटून पाहत राहिल्या. मी थांबलो.